बोटभर जास्त

दादाच्या कामात खोट काढणं हा माझा लहानपणापासूनचा छंद. त्याने उभा केलेला खांब असो, बसवलेली फरशी असो, नाहीतर कापलेलं कलिंगड असो, मी एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "डावीकडे झुकलंय." तो चिडायचा, पुन्हा मोजायचा, आणि काही झुकलेलं नाही हे कळल्यावर माझ्या मागे धावायचा. पण त्या दिवशी सकाळी मी कंपनीची गाडी उभी केली, डिकीतून तिपाई काढली, आणि मनात एकच होतं, देवा, आज मला काही सापडू देऊ नकोस.

मी लाकडी घरं बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. आमची घरं कारखान्यातच तयार होतात. भिंती दारंखिडक्यांसकट जोडलेल्या असतात, त्यांच्यावर नंबर घातलेले असतात, त्या ट्रकवर चढतात, आणि क्रेन त्यांना एकेक करून उचलून पायावर ठेवते. सकाळी मोकळं जोतं असतं आणि संध्याकाळी घर. मात्र त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन पाया तपासून यावा लागतो, आणि ते काम माझं. विटेची भिंत समजूतदार असते. पाया थोडा इकडेतिकडे झाला तर गवंडी सिमेंटचा थर जाडपातळ करून वेळ मारून नेतो. कारखान्यात कापून आलेली भिंत कोणाचं ऐकून घेत नाही.

आमचे बाबा गवंडी होते, दादाही गवंडी. विटकाम दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं आणि त्याचं एक कारण माझा कारखानाच होता, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे. मग मीच आमच्या इंजिनियरांकडे दादासाठी शब्द टाकला. इंजिनियर म्हणाले, "एक पाया करू दे. नीट बसला तर या भागातले सगळे पाये त्याच्याकडे. नाही बसला तर पुन्हा त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." माझ्या भावाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका जोत्यावर उभं होतं, आणि त्यावर शिक्का मारायचा की फुली, हे माझ्या हातात होतं.

घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. जागेसमोरच, रस्त्यापलीकडे त्या एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या. मी पोचले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आत खोकी दोरीने बांधून छतापर्यंत रचलेली, पलंगाची गादी गुंडाळलेली, आणि फरशीवर खडूने आखलेला एक चौकोन.

"ही माझी नवीन खिडकी," सिस्टर म्हणाल्या. "एवढी मोठी. रोज सकाळी इथे उभी राहून चहा पिते, सवय व्हावी म्हणून."

"खोली कधी सोडायची आहे?"

"शनिवारी. पुढचे भाडेकरू येऊन पडदेसुद्धा मोजून गेले."

मी हसले आणि मनात तारखा मोजल्या. उद्याची क्रेन चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती.

दादा जोत्याशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट. कामावर इस्त्रीचा शर्ट घातलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. वहिनीने पहाटेच मला फोन करून सांगितलं होतं, "वन्सं, तुमचा भाऊ रात्रभर कुशी बदलतोय. पास करा एकदाचं, म्हणजे मला तरी झोप लागेल."

"काय साहेब," मी म्हटलं, "डावीकडे झुकलंय का?"

"आधी मशीन लाव," दादा म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

मी तिपाई मांडली, लेव्हलचं यंत्र बसवलं. दादाने आकड्यांची उभी पट्टी पहिल्या कोपऱ्यावर धरली. मी दुर्बिणीतून आकडा वाचला. दुसरा कोपरा, तोच आकडा. तिसरा, तोच. चौथ्याला मी डोळा चोळून परत बघितलं. मग कडांच्या मधोमध, मग आतल्या भिंती जिथे येणार तिथे. आमच्या कामात पाच मिलिमीटरपर्यंत चालतं, आणि इथे एकाचा फरक शोधायला मला धडपड करावी लागत होती.

खरं सांगते, मी यंत्रावरच संशय घेतला. गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि जोत्याच्या मधोमध ओतली. पाणी कधी कोणाची भीड ठेवत नाही, जरा उतार मिळाला की पळत सुटतं. हे पाणी कुठेच गेलं नाही. गोल पसरलं आणि थांबलं. सिस्टर रस्ता ओलांडून आल्या होत्या, त्याही खाली वाकून बघत राहिल्या. काँक्रीट ओततात तेव्हा तो निव्वळ चिखल असतो, मी शेकडो वेळा पाहिलंय. त्या चिखलाला एका माणसाने हातातल्या फळीने इतकं शांत केलं होतं की पाण्याला कळेना कुठल्या बाजूला जावं. मला माझ्या भावाचा धाक वाटला. लहानपणी त्याने मला विहिरीच्या काठावरून मागे ओढलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच.

मग कर्ण मोजले. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कर्ण सारखे आले तर चारही कोपरे काटकोनात, एवढं साधं गणित आहे. टेपचं एक टोक दादाकडे, दुसरं माझ्याकडे. पहिला कर्ण मोजला, दुसरा मोजला, मग दोन्ही पुन्हा मोजले. मिलिमीटरचासुद्धा फरक नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "हे कसं केलंस रे?"

"बाबा करायचे तसं," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

आता फक्त लांबी-रुंदी उरली होती. खरं म्हणजे तो नुसता उपचार. ज्याचे कर्ण असे जुळतात त्याची बाजू काय चुकणार! मी गुणगुणतच टेप धरला. लांब बाजू अकरा मीटर हवी होती. अकरा मीटर आणि वर पस्तीस मिलिमीटर.

मी परत मोजलं. पस्तीस. समोरची बाजू मोजली, पस्तीस. आखूड बाजू, तिथेही पस्तीस. चौथी बाजू मोजायची मला हिंमत होईना, तरी मोजली. पस्तीस.

चूक अशी नसते. चूक विस्कटलेली असते, इथे दहा जास्त, तिथे पाच कमी. चारही बाजूंना एकसारखी येते ती चूक नव्हे, तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. मी टेप गुंडाळला आणि दादासमोर जाऊन उभी राहिले.

"जोतं मोठं झालंय."

"झालंय कसलं? केलंय," दादा म्हणाला. "बोट ठेवलंय. चारही बाजूंना."

मला सगळं एका क्षणात समजलं, आणि डोकं असं तापलं की कानांतून वाफ निघाली.

हे बोट म्हणजे आमच्या बाबांचं. पाया आखताना बाबा दोरी अगदी नकाशाप्रमाणे ताणायचे, पण काँक्रीट अडवायच्या फळ्या दोरीला चिकटवायचे नाहीत. दोरी आणि फळी यांच्या मध्ये ते आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवायचे आणि बोट सरकवत सरकवत जोत्याला पूर्ण फेरी मारायचे. प्रत्येक घराला चारही बाजूंनी बोटभर जास्त, म्हणजे लांबीत दोन्ही टोकांची मिळून दोन बोटं. विटेच्या घराला त्याचा उपयोगही होता, गिलाव्याला खाली टेकायला कड मिळायची. पण बाबांचं कारण ते नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, "पैसे घेतो तेवढं काम सगळेच देतात. त्यात आपलं काय?" कुठल्याही मालकाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

"दादा, मी तुझ्या कानीकपाळी ओरडत होते की नाही? सांगितलं होतं ना, नकाशाच्या इकडेतिकडे होऊ देऊ नकोस म्हणून?"

"इकडेतिकडे कुठे आहे? सगळीकडे सारखं आहे."

"अरे देवमाणसा, डब्याचं झाकण पाहिलंयस का कधी? आमच्या भिंतींच्या बाहेरच्या फळ्या जोत्यावर टेकत नाहीत. त्या जोत्याच्या कडेवरून खाली चार बोटं उतरतात, झालरीसारख्या, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. डबाच बोटभर मोठा केलास तर झाकण बसणार कसं?"

दादा कडेशी वाकला. जोत्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "झालरीचं तू बोलली नव्हतीस."

"पायाच्या नकाशात झालर नसते. पायाच्या नकाशात माप असतं."

"जास्त दिलं तर बिघडतं, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "कमी दिलं तर बिघडतं, एवढंच माहीत होतं."

माझा राग तिथेच गळून पडला, आणि नुसती भीती उरली. सिस्टर दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या ट्रक येणार ना?"

मी जोत्याच्या कडेशी उकिडवी बसले. सळया कडेपासून बऱ्याच आत होत्या, हे मला माहीत होतं, काँक्रीट ओतण्याआधी मीच त्यांचे फोटो काढले होते. म्हणजे वरची कड चार-पाच बोटं खोल आणि एक बोट रुंद कापून काढली तरी पाया कमजोर होणार नव्हता. पण कापायची किती? चुकून वाढलेला पाया असता तर एका ठिकाणी दहा, दुसऱ्या ठिकाणी वीस असं करावं लागलं असतं, आणि ते एका दिवसात कोणाच्या बापाला जमलं नसतं.

"दादा, सगळीकडे सारखं म्हणजे किती सारखं? बाबांचं बोट होतं, तुझं बोट जाड आहे. कुठे दाबलं जातं, कुठे सैल पडतं."

त्याने खिशात हात घातला आणि लाकडाचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा लांब, बोटाएवढा जाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"हे काय?"

"बाबांचं बोट. ते अंथरुणाला खिळले तेव्हा तासून घेतलं. पहिल्यांदा केलं ते त्यांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, किंचित जाड आहे, अजून तास. तीन वेळा तासायला लावलं. चौथ्यांदा काही बोलले नाहीत, फक्त उशीखाली ठेवून दिलं. नंतर मी तिथून घेतलं."

मी शहरात नोकरीला होते तेव्हा. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. मी तो तुकडा माझ्या बोटाशेजारी धरला आणि मला बाबांचा हात दिसला, सिमेंटने नख पांढरं झालेला, दोरीच्या कडेने सरकत जाणारा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दादा दुसरीकडे बघत राहिला.

मग मी इंजिनियरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"चूक नाही साहेब, सवय आहे. आमच्या घराण्याची. सगळीकडे एकाच मापाने जास्त आहे, एकाच मापाने काढता येईल. संध्याकाळपर्यंत."

पलीकडे त्यांनी कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तुम्ही त्याच्या बहीण म्हणून सांगताय की तपासनीस म्हणून?"

"तपासनीस म्हणून. बहीण म्हणून सांगायचं असतं तर पास झाला म्हणून कळवलं असतं आणि उद्या क्रेनखाली भांडत बसले असते."

"प्रत्येक मीटरचा फोटो पाठवा," ते म्हणाले. "संध्याकाळी बघून सांगतो."

दादाने इस्त्रीचा शर्ट काढून सिस्टरांच्या खोक्यांवर ठेवला आणि घरून काँक्रीट कापायचं मशीन मागवलं. मशीनबरोबर वहिनीही आली, हातात जेवणाचा डबा आणि पाण्याची बादली. तिने एकदा जोत्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं. "मोठं काम करा म्हटलं होतं मी," ती म्हणाली, "एवढं मोठं नव्हतं म्हटलं." दादाला दिवसातलं पहिलं हसू तेव्हा आलं.

मग आम्ही कामाला लागलो. मी बाबांचं बोट जोत्याच्या कडेला लावायचे आणि त्याच्या आतल्या कडेशी पेन्सिलने खूण करायचे. दर हातभर अंतरावर एक खूण. खुणांवर सरळ फळी ठेवायची, ती हलू नये म्हणून वर विटा रचायच्या, आणि फळीला टेकवून दादा मशीन चालवायचा. पातं तापू नये म्हणून वहिनी पाणी ओतायची. आधी वरून काप, मग बाजूने. दोन्ही काप मिळाले की काँक्रीटचा लांब तुकडा सुटून खाली पडायचा, साबणाच्या वडीसारखा. धूळ, पाणी आणि आवाज यांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

पहिले तुकडे पडले तेव्हा मी टेप घेऊन तपासलं. दुसरी बाजू सुरू झाल्यावर टेप खिशात ठेवून दिला. प्रत्येक खुणेवर बोट तंतोतंत बसत होतं. कुठेही सैल नाही, कुठेही घट्ट नाही. अख्ख्या जोत्याभोवती दादाने ते इतक्या निष्ठेने फिरवलं होतं की तेच आता परत काढून घेता येत होतं. ज्या मापाने बिघडलं होतं त्याच मापाने सुधारत होतं. मी कितीतरी पाये तपासले आहेत, पण काँक्रीटसमोर हात जोडावेत असं मला त्याच दिवशी वाटलं.

शेवटच्या कोपऱ्याशी दादा मशीन बंद करून उभा राहिला. खाली पडलेल्या तुकड्यांची रांग सगळ्या जोत्याभोवती पसरली होती.

"बाबा रागावले असते," तो म्हणाला.

"बाबांनी मशीन तुझ्या हातातून काढून घेतलं असतं," मी म्हटलं, "आणि सांगितलं असतं, वाकडं धरतोस."

त्याने मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

ऊन उतरायच्या आत काम संपलं. मी चारही बाजू मोजल्या, फोटो पाठवले. उत्तर आलं, "ट्रक निघतोय." सिस्टरांनी ते माझ्या फोनवर स्वतः वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग मुकाट्याने जाऊन एका खोक्याची दोरी आणखी घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी पहिली भिंत क्रेनवर चढली तेव्हा दादा माझ्या शेजारी उभा होता. अकरा मीटरची भिंत, खिडक्यांच्या काचांसकट, आकाशात आडवी तरंगत होती. ती हळूहळू खाली आली. चौघांनी चार ठिकाणी हात लावला. झालर जोत्याच्या कडेजवळ आली, कडेवरून घसरली, आणि भिंत खाली बसली. फक्त एक बारीक आवाज झाला, कपाटाचं दार लागावं तसा.

दादाने श्वास सोडला. त्याने आयुष्यभर भिंत वीट-वीट करून वर नेली होती. एका भिंतीला त्याला आठवडा लागायचा. दुपारपर्यंत चारही भिंती उभ्या राहिल्या, मग आतल्या, मग छताच्या कैच्या एकामागून एक आल्या. तो जेवायलाही गेला नाही. तोंड किंचित उघडं, मान वर. मधेच म्हणाला, "हे आपल्यावर उभं आहे." संध्याकाळी सिस्टर खऱ्या खिडकीत उभ्या राहिल्या, हातात चहाचा कप. रस्त्यापलीकडे त्यांच्या जुन्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि फरशीवरचा खडूचा चौकोन तिथून त्यांना दिसत होता.

या भागातले पाये दादाला मिळाले. पुढच्या पायाला मी आधीच जाऊन पोचले, काँक्रीट ओतायच्याही आधी, म्हणजे पुन्हा कापाकापी नको. फळ्या लावलेल्या होत्या. मी टेप धरला. लांबी नकाशाप्रमाणे. रुंदी नकाशाप्रमाणे. दोरी आणि फळी एकमेकींना चिकटलेल्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण कुठेतरी चुकल्यासारखं वाटलं. एवढं शहाण्यासारखं वागलेला दादा मला परका वाटत होता.

मग मी चराची खोली मोजली. नकाशात खोलीपुढे 'किमान' असा शब्द असतो, त्याहून कमी चालत नाही एवढंच. पट्टी खाली सोडली आणि आकडा बघितला. पुढच्या कोपऱ्यात गेले, पुन्हा बघितला. मान वर केली तेव्हा दादा उगाचच दोरी तपासत होता.

"चर खोल झालाय," मी म्हटलं.

"जमीन मऊ लागली."

"सगळीकडे सारखीच मऊ?"

त्याने दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "वरचं तुमच्या मापाचं. खालचं झाकलं जातं. तिथे कोणाचं झाकण अडकत नाही."

मी हात पुढे केला. त्याला न सांगताच कळलं. त्याने खिशातून तो लाकडाचा तुकडा काढून दिला. मी चपला काढून चरात उतरले, आणि एकेका कोपऱ्यात गुडघ्यावर बसून, नकाशाच्या खोलीची खूण करून, तिच्या खाली बाबांचं बोट लावत गेले. माती गार होती. पहिल्या कोपऱ्यात बरोबर बसलं. दुसऱ्यात बरोबर. तिसऱ्यात बरोबर. रस्त्यावर काँक्रीटची गाडी येऊन थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

चौथ्या कोपऱ्यात मी बराच वेळ बसले. मग वर बघून म्हटलं, "इथे कमी आहे. अर्धंच बोट आहे. हे नीट कर, मग सही करते."

दादाने फावडं उचललं आणि खाली उतरला.